मायनर लीगची पोरं एप्रिलमध्येच पास-नापास करताय? या चुका टाळा

दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच सीन असतो. न्यू जर्सीतली आठ-दहा मराठी मंडळी, अर्धी अजून क्रिकेटवालीच, अर्धी इथे येऊन बेसबॉलच्या नादी लागलेली, आणि कोणीतरी स्क्रीनशॉट टाकतं की अमक्या प्रॉस्पेक्टचं (म्हणजे पुढे चमकेल असं वाटणाऱ्या पोराचं) ॲव्हरेज .१९० आहे, शंभरातून १९ वेळाच हिट, संपला हा, काढा टीममधून. फँटसीमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या खेळात, आम्ही डायनेस्टी लीग खेळतो, म्हणजे पोरगं मायनर लीगमध्ये (मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवर) असतानाच घेऊन ठेवायचं आणि वर्षानुवर्षं सांभाळायचं, त्यामुळे असा स्क्रीनशॉट आला की लगेच ट्रेडच्या ऑफर सुरू.

मी पण हे केलंय, सांगायला लाज कसली. २०२२ ला अँथनी व्होल्पी आमच्या ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सकडून खेळत होता, ही न्यूयॉर्क यांकीजची डबल-ए टीम, मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली. सुरुवातीचे कित्येक आठवडे त्याचं ॲव्हरेज .२०० च्या खाली. मी घाबरून विकला. पुढे त्याच पोराने सॉमरसेटमध्ये १८ होमरन मारले, सप्टेंबरमध्ये ट्रिपल-एला (एकच पायरी खाली) गेला आणि २०२३ च्या ओपनिंग डेला यांकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) होता, त्याच वर्षी फिल्डिंगचं गोल्ड ग्लोव्ह पण मिळालं. आता त्या वर्षी मोठ्या लीगमध्ये त्याचं ॲव्हरेज .२०९ होतं हेही खरं, म्हणजे ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं तेही पूर्ण बरोबर नव्हते. पण मी ज्या कारणासाठी विकला ते कारण शंभर टक्के चूक होतं.

ॲव्हरेज बघून निकाल लावणं

जरा गणित करू. सीझनचा पहिला महिना, एप्रिल, संपताना पोराचे साधारण ८० ॲट-बॅट (वॉक सोडून बॅटिंगच्या पाळ्या) झालेले असतात. त्यात १८ हिट असले तर .२२५, म्हणजे ग्रुपवर शिव्या. २४ हिट असले तर .३००, म्हणजे पुढचा सुपरस्टार. फरक किती, तर महिन्याभरात सहा हिट. सहा! एक शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हला लागून निसटलेला, दोन फिल्डरच्या मधोमध टपकलेले, एखादा वाऱ्याने आत आलेला, झाले की. जो पोरगा खरोखरच .२६० चा आहे तो ८० ॲट-बॅटमध्ये निव्वळ नशिबावर .२१० ते .३१० मध्ये कुठेही दिसू शकतो, आणि तीनातून एकदा तर त्याच्याही बाहेर जातो.

मग बघायचं काय? स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) आणि वॉक (चार बॉल बाहेर पडले की फुकट मिळणारा बेस). बेसबॉलचे आकडे अभ्यासणारे रसेल कार्लटन यांनी मोठ्या लीगच्या डेटावर काम करून दाखवलंय की बॅटरचा स्ट्राइकआउट रेट साधारण ६० प्लेट अपिअरन्समध्ये (वॉक धरून सगळ्या पाळ्या) काहीतरी खरं सांगायला लागतो, वॉक रेटला १२० च्या आसपास लागतात, आणि मैदानात मारलेल्या बॉलवर किती हिट पडतात या आकड्याला मात्र ८०० च्या वर तसे बॉल लागतात, म्हणजे जवळपास दोन सीझन. मायनर लीगमध्ये हेच आकडे तंतोतंत चालतील असं नाही, पण क्रम तोच धरा.

२०२३ ला जॅसन डोमिंगेझ सॉमरसेटला होता तेव्हा हेच झालं. वय २०, ॲव्हरेज .२०० च्या आसपास रेंगाळतंय, पण वॉक मात्र धडाधड घेतोय. त्या सीझनला तिथल्या १०९ मॅचमध्ये ७७ वॉक घेतले त्याने. १ सप्टेंबरला यांकीजने वर बोलावलं आणि पहिल्याच ॲट-बॅटला जस्टिन व्हर्लँडर या नामी पिचरला (म्हणजे बॉलरला) होमरन. या वेळी मी विकला नव्हता, एवढं तरी शिकलो.

कुठे खेळतोय ते न बघणं

आपल्याला हे खरं तर पटकन कळायला हवं, राजकोटच्या पाटा खेळपट्टीवरचं शतक आणि धरमशालाच्या हिरव्या विकेटवरचं शतक आपण एका मापाने मोजत नाही. तरीही बेसबॉलमध्ये आलो की सगळे होमरन सारखेच वाटायला लागतात. अल्बुकर्कीचं मैदान समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या वर आहे, हवा विरळ, बॉल जातोच जातो, कर्व्ह बॉल नीट वळत नाही. रीनो, साल्ट लेक, एल पासो सगळी त्याच भावकीतली, सगळी ट्रिपल-एची. त्यांच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये असे सीझन झालेत की अख्ख्या लीगचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेले रन, कमी तेवढा चांगला) ५ च्या वर, तिथे एखाद्या पिचरचा ४.६० असला तर तो चांगला पिचर असू शकतो. उलट फ्लोरिडा स्टेट लीग, ही सिंगल-एची, दमट हवा, स्प्रिंग ट्रेनिंगची मोठी मैदानं, तिथे पोरगा .२४० मारतोय म्हणून नाक मुरडू नका.

माझं आवडतं उदाहरण रेडिंगचं, पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फिया फिलीजची डबल-ए टीम, मैदान बॅटरचं लाडकं. २०१६ ला तिथे डिलन कोझन्सने ४० होमरन मारले आणि त्याच टीममधल्या रिस हॉस्किन्सने ३८. मैदान तेच, वर्ष तेच, होमरन जवळपास तेवढेच. फरक कुठे होता, तर कोझन्सचे स्ट्राइकआउट १८६ आणि हॉस्किन्सचे १२५. हॉस्किन्स पुढच्याच वर्षी फिलीजकडून ५० मॅचमध्ये १८ होमरन मारून गेला आणि मोठ्या लीगमध्ये टिकला. कोझन्सला मोठ्या लीगमध्ये जेमतेम थोड्या मॅच मिळाल्या. त्या उन्हाळ्यात नुसते होमरन मोजणाऱ्याला दोघं जुळे भाऊच वाटले असतील.

याला जोडून एक गोष्ट जी कोणी फारसं बोलत नाही. २०२१ पासून मायनर लीगच्या बहुतेक सिरीज मंगळवार ते रविवार सहा मॅचच्या असतात, सोमवारी सुट्टी, आणि सहाही मॅच त्याच टीमबरोबर. म्हणजे पहिल्या महिन्यात तुमच्या पोराने चार-पाच टीमचीच बॉलिंग पाहिलेली असते. त्यातली एक टीम पिचिंगला भिकार असली की आठवड्याभरात ॲव्हरेज आभाळाला, आणि एखाद्या टीमकडे तीन जबरदस्त पिचर असले की गेलं सगळं खड्ड्यात. त्यामुळे गेम लॉग उघडून आठवड्याप्रमाणे बघा, एकाच सिरीजमध्ये चार होमरन असतील तर जरा दम धरा.

आणि थंडी! एप्रिलमध्ये रात्री सातच्या मॅचला मी ब्रिजवॉटरला कानटोपी घालून थर्मासमध्ये चहा घेऊन बसतो, बोटं आखडतात, आणि ही पोरं त्यात बॅट धरतात. पोर्टलंड, बिंगहॅम्टन, ईरी तर अजून उत्तरेला. हात झिणझिणतात, बॉल हवेत मरतो, पिचरचा वेगही एखाद-दोन मैलाने कमी दिसतो. एप्रिलमध्ये वेग पडला म्हणून लगेच इंज्युरीची अफवा उठवू नका, मेच्या शेवटीही परत आला नाही तर मग विचार करा.

वय विसरणं

डबल-एमधला खेळाडू साधारण २३-२४ वर्षांचा असतो. तिथे २० वर्षांचा पोरगा .२४५ मारतोय आणि २५ वर्षांचा .३१० मारतोय, तर मी डोळे झाकून पहिला घेईन. त्यातून तो २५ वाला त्याच लेव्हलला दुसऱ्यांदा खेळत असेल तर विचारूच नका, नापास झालेला मुलगा ऑक्टोबरच्या परीक्षेत पहिला आला म्हणून आपण पेढे वाटत नाही.

नवीन लेव्हलला पहिले दोन महिने अडखळणं तर नॉर्मलच आहे. ॲरन जज २०१५ ला ट्रिपल-एला गेला तेव्हा .२२४. २०१६ ला यांकीजने बोलावलं तेव्हा ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट आणि ॲव्हरेज .१७९. २०१७ ला ५२ होमरन. (हो, माझा वरचा स्ट्राइकआउटचा नियम इथे सपशेल आपटतो, माहितीये मला.) जॅक्सन हॉलिडे २०२२ च्या ड्राफ्टचा पहिला पिक, २०२३ मध्ये एका वर्षात चार लेव्हलला खेळला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ओरिओल्सकडून पहिल्या ३४ ॲट-बॅटमध्ये २ हिट, परत नॉरफोकला, त्यांच्या ट्रिपल-ए टीमकडे. तेव्हा त्याचं वय २० होतं, हे वाक्य आमच्या ग्रुपवर एकानेही लिहिलं नाही.

पिचरचा ईआरए

यावर फार बोलत नाही, एकच हिशोब. चार स्टार्ट (पहिल्या बॉलपासून पिचिंग केलेल्या मॅच) झाले. तिघांत ५-५ इनिंग, प्रत्येकी १ रन, ईआरए १.८०. चौथ्यात १ इनिंग, ६ रन. आता ईआरए ५.०६. पोरगा तोच आहे. शिवाय कोच सांगतात की आज चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला बॉल) टाकायचाच, मार खाल्लास तरी टाक, ते बॉक्स स्कोरमध्ये कुठे लिहिलेलं नसतं. इनिंग कमी दिसल्या तर आधी बघा की तो ऑपरेशननंतर परत येतोय का, बऱ्याचदा मुद्दामच कमी टाकायला लावतात.

प्रमोशन म्हणजे मार्कशीट समजणं

वर कोण जातो हे फक्त खेळावर ठरत नाही, वर जागा आहे का, मोठ्या टीमच्या ४० जणांच्या रोस्टरवर (यादीत) नाव आहे का, यावरही ठरतं. आपल्याला हे समजवायला अमोल मुझुमदार पुरेसा आहे, रणजी पदार्पणात २६०, फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन, आणि इंडियाची कॅप नाही, कारण मिडल ऑर्डरला द्रविड, गांगुली, लक्ष्मण बसले होते. मायनर लीगमध्ये असे अमोल गल्लोगल्ली आहेत.

मग आकडे विचित्र दिसले तर करायचं काय

मी या क्रमाने जातो. आधी इंज्युरी लिस्ट, मधले दहा दिवस गायब होता का. मग स्ट्राइकआउट-वॉक, मागच्या वर्षीच्या तुलनेत. मग घरच्या मैदानावरचे आणि बाहेरचे आकडे वेगवेगळे. पोझिशन बदलली का तेही बघा, शॉर्टस्टॉपला अचानक सेंटर फिल्डला उभा केला की डोकं बॅटिंगमध्ये नसतं. ट्रिपल-ए असेल तर बॅटला लागून बॉल किती वेगाने जातोय हे सगळं बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटवर फुकट दिसतं, फ्लोरिडा स्टेट लीगचंही दिसतं, ते आधी उघडा. फक्त ट्रिपल-एमधले वॉक थोडे जपून घ्या, २०२३ पासून तिथे सगळ्या मैदानांवर बॉल-स्ट्राइक ठरवायला मशीनचा वापर सुरू झाला, त्यामुळे तिथला वॉक आणि डबल-एमधला वॉक एका तागडीत बसत नाही.

आणि जमलं तर एक मॅच पूर्ण बघा. मागे एकदा मी ब्रिजवॉटरला एका पोराचे चार ॲट-बॅट पाहिले, दोनदा कडकडीत लाइन ड्राइव्ह थेट फिल्डरच्या हातात, एकदा कुंपणाला टेकून झेल, एकदा दहा बॉल खेळून शेवटी ग्राउंड आउट. घरी येईपर्यंत ग्रुपवर स्क्रीनशॉट आलेला होता, ०-४.

काळजी कधी करायची? माझ्यापुरतं उत्तर असं की १५० प्लेट अपिअरन्स झाले, स्ट्राइकआउट ३५ टक्क्यांच्या वर, वॉक घटलेत, पोरगा त्या लेव्हलच्या वयाचाच आहे किंवा मोठा आहे, आणि अंगाला कुठे काही झालेलं नाही. हे सगळं एकदम जुळलं की मी पण ट्रेडची ऑफर टाकतो, शक्यतो त्यालाच जो अजून होमरन मोजतोय.