लम्पी : गाळप हंगामाआधी नमुना आणि नोंद यांची तयारी

पाऊस ओसरला की सातारा-सांगलीत जनावरांची ये-जा वाढते. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या बैलजोड्या घेऊन उतरतात, पुढे पुसेगाव-खरसुंडीच्या यात्रांत खिलार जनावरांचा बाजार भरतो. लम्पी हा गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूजन्य रोग पसरवणारे डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड तेव्हा गोठ्यात असतातच. अंगावर गाठी दिसल्या की उपचार सुरू कराच, पण नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय राहू देऊ नका.

नमुना एवढा मोलाचा का? लम्पीच्या विषाणूचा डीएनए सुमारे दीड लाख अक्षरांचा असतो आणि तो हळू बदलतो. त्यामुळे मोजक्या फरकांवरूनही दोन विषाणूंचं नातं कळतं. भारतात हा रोग २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा नोंदला गेला. त्या वेळचे विषाणू केनियातल्या जुन्या विषाणूंशी जुळले. २०२२ च्या साथीत महाराष्ट्रासह काही राज्यांतले नमुने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने तपासले, तेव्हा दोन गट निघाले. एक २०१९ च्या रांचीच्या विषाणूजवळचा, दुसरा रशियातल्या २०१५ च्या साथीशी मिळता. सगळी साथ एकाच घराण्यातली नव्हती. पण जिनोम, म्हणजे विषाणूचा सगळा डीएनए, नातं सांगतो, वाट सांगत नाही. वाट कळते ती जनावर कुठून, कधी आणलं यावरून, आणि ते फक्त गोठेवाल्यालाच ठाऊक असतं.

नमुना पशुवैद्यकांनीच घ्यावा. १९६२ या मदत क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात कळवा. ते येईपर्यंत गाठींवर हळद, तेल, मलम लावू नका, चाचणीत अडथळा येतो. रक्तात विषाणू तापाच्या काळात थोडेच दिवस सापडतो. वाळलेल्या खपलीत मात्र महिनाभरही टिकतो. म्हणून उशीर झाला असेल तर रक्तावर विसंबू नका, खपली द्या. दोन-तीन खपल्या कोरड्या, निर्जंतुक, घट्ट झाकणाच्या बाटलीत जाव्यात. फॉर्मेलिनमध्ये कधीच नकोत, त्यात डीएनए तुटतो. रक्त ईडीटीएच्या (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेऊन नळी हळुवार आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करावी. ते बर्फाने गोठू देऊ नये, म्हणून बर्फाचा पॅक आणि नळी यांमध्ये कापड ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच पात्याने दोन जनावरांच्या खपल्या काढल्याने. दोन विषाणू एकत्र वाचले जातात आणि नसलेला संकरित विषाणू असल्यासारखं दिसतं. जनावर बदललं की हातमोजे, पातं आणि बाटली बदलायलाच हवी.

चिठ्ठीवर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, गाव, पहिली गाठ दिसल्याची तारीख, लसीची तारीख आणि गेल्या महिन्याभरात गोठ्यात आलेली-गेलेली जनावरं लिहा. बाजारातून आणलं असेल तर बाजाराचं नाव लपवू नका. त्याच एका ओळीवर पुढचा माग अवलंबून असतो. लस जिवंत विषाणूची असते आणि तो चाचणीत दिसू शकतो, म्हणून तिची तारीखही हवी.

आजारी जनावर लगेच वेगळं बांधा आणि त्याची बादली-दावं वेगळं ठेवा. आधी शेण पूर्ण काढा, मगच २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने जमीन धुवा. शेणावर ओतलेलं औषध वाया जातं. निरोगी जनावरांना यात्रेच्या किंवा टोळी येण्याच्या किमान २८ दिवस आधी लस टोचून घ्या, आणि प्रत्येकाला नवी सुई वापरायला सांगा. नवीन आणलेलं जनावरही २८ दिवस वेगळंच बांधा.