इनडिझाईनमध्ये स्क्रिप्टने कोनाचे कंस आखताना माझं काय काय चुकलं

मी डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावायच्या कामात, आलो टायपिंगमधून. पानं लावतो ते सॉफ्टवेअर इनडिझाईन. दहावीच्या भूमितीच्या गाइडचं काम अंगावर आलं तेव्हा स्क्रिप्ट, म्हणजे सॉफ्टवेअरकडून काम करून घेणारा छोटा कोड, हा प्रकार नुसता ऐकून माहीत होता. आकृत्या ढीगभर, प्रत्येकीत दोन-तीन कोन आणि प्रत्येक कोनात तो छोटासा कंस, म्हणजे खुणेचा वर्तुळाचा तुकडा. हाताने करायचं म्हणजे वर्तुळ काढा, कात्रीच्या टूलने दोन जागी तोडा, उरलेलं उडवा, आणि प्रूफवर (तपासायच्या प्रतीवर) तपासणाऱ्या सरांनी लिहिलं की कोन 60 चा नाही 65 चा हवा की परत सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या प्रूफला वैतागून म्हटलं, जावास्क्रिप्ट शिकूया.

पहिला धक्का असा की इनडिझाईनच्या स्क्रिप्टिंगमध्ये 'कंस काढ' अशी कमांडच नाही. बिंदू द्यायचे आणि प्रत्येक बिंदूला दोन हँडल (रेषेला वळण देणाऱ्या दांड्या), एक येणाऱ्या बाजूचं आणि एक जाणाऱ्या बाजूचं. अशा वक्ररेषेला बेझिअर म्हणतात, म्हणजे कंस आपणच बेझिअरने बनवायचा. हँडलची लांबी किती ठेवायची याचं सूत्र आहे, चार तृतीयांश गुणिले टॅन (कोन भागिले 4) गुणिले त्रिज्या. हँडल नेहमी त्रिज्येला काटकोनात. 6 मिमी त्रिज्येचा 60 अंशांचा कंस असेल तर हँडल साधारण 2.14 मिमी येतं, 90 अंशांना त्रिज्येच्या 0.5523 पट. हे एकदा कागदावर स्वतः करून बघा, नुसता कोड कॉपी करून मारलात तर पुढच्या चुका सापडणारच नाहीत.

आणि चुका होतातच. साइन-कॉसला कोन अंशांत नाही, रेडियन या एककात लागतो, मी सरळ 60 दिलं आणि कंस भलतीकडेच. पाय (π) भागिले 180 ने गुणायचं, हे सगळेच एकदा विसरतात, त्यात काही नाही. खरी डोकेदुखी दिशेची. शाळेत वाय वर वाढतो, पानावर खाली वाढतो. त्यामुळे शाळेतलंच सूत्र वापरलं की कोन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाढायला लागतो. पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये एखादी फ्रेम फिरवायला रोटेशन अँगल दिला की तो काट्याच्या उलट दिशेने फिरवतो! माझे कंस खाली आणि त्यांच्यावरची तिरकी लेबलं वर, असा एक अख्खा दिवस गेला. शेवटी ठरवलं, सगळीकडे शाळेचीच दिशा, आणि वाय काढताना केंद्राच्या वायमधून त्रिज्या गुणिले साइन वजा करायचं, बास. फ्रेम कशाभोवती फिरणार तेही बघा, कंट्रोल पॅनेलमधल्या नऊ टिंबांपैकी जे निवडलेलं असेल त्याभोवती फिरते, मी स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच मधलं टिंब सेट करून टाकतो.

दोन रेषांमधला कोन काढायला प्रत्येक रेषेची दिशा देणारं एटॅन-टू (atan2) हे फंक्शन वापरा, साधा एटॅन (उलटा टॅन) नको कारण त्याला डावी-उजवी बाजू कळत नाही. पण एटॅन-टूचं उत्तर रेडियनमध्ये असतं, अंशांत केलं की उणे 180 ते अधिक 180 मध्ये येतं, आणि रेषा डावीकडे असल्या की वजाबाकी गंडते आणि लघुकंसाच्या जागी विशालकंस येतो. कोनाच्या आत खूण हवी तिथे बाहेरून पूर्ण गोल फिरून आलेली. उपाय सोपा आहे, फरक उणे आला तर 360 मिळवा, 180 पेक्षा जास्त आला तर सुरुवात-शेवट अदलाबदल करा. मुद्दाम प्रविशाल कोन दाखवायचा असेल तर त्याला वेगळा पर्याय ठेवा.

एक चूक मात्र पार प्रूफपर्यंत गेली. कोनमापकाची आकृती होती, 40 मिमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ, मी म्हटलं सूत्र आहेच की, एकाच तुकड्यात 180 काढलं. 0, 90 आणि 180 च्या खुणा बरोबर टेकल्या म्हणून मी खूश. सरांनी 45 च्या खुणेजवळ पेन्सिलने गोल करून पाठवलं, तिथे रेषा बाहेर फुगलेली. मोजलं तर जवळजवळ 0.7 मिमी. एका बेझिअरने अर्धवर्तुळ काढलं की खांद्यांवर 1.8 टक्क्यांपर्यंत फरक पडतो, तोच 90 च्या तुकड्यात 0.027 टक्के, म्हणजे छपाईत दिसणारच नाही. तेव्हापासून 90 च्या वरचा कंस तुकडे करूनच जोडतो.

एकक मिलिमीटर आणि रूलर पेज ओरिजिनवर (प्रत्येक पानाचं माप त्याच पानापासून सुरू) असं स्क्रिप्टमध्येच सेट करा, नाहीतर उजव्या पानाच्या आकृत्या डाव्या पानावर जाऊन बसतात. इनडिझाईन नसेल तर स्क्रायबस फुकट आहे, तिथे पायथन चालतं, गणित हेच. आणि हो, स्क्रिप्ट डू-स्क्रिप्ट (doScript) या कमांडमधून 'एंटायर स्क्रिप्ट' अनडू मोडने चालवा, एका कंट्रोल झेडमध्ये सगळं मागे जातं, मला हे कळेपर्यंत मी शंभर-शंभर वेळा कंट्रोल झेड दाबत बसायचो.