विंडोजवर ओपनएसएसएल कंपाइल करण्याआधी

विंडोजवर ओपनएसएसएलचा (एन्क्रिप्शनची लायब्ररी) बिल्ड, म्हणजे सोर्सपासून ती तयार करण्याचं काम, अडकतो तो सहसा सोर्समधल्या चुकीमुळे नाही. हाक एका टूलला मारलेली असते आणि ओ भलतंच टूल देतं. त्यामुळे तयारीचा निम्मा वेळ पाथ (विंडोज ज्या फोल्डरांत टूल शोधते त्यांची यादी) तपासण्यात गेला तरी चालेल.

आधी आवृत्ती ठरवा. १.१.१ चा सार्वजनिक सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपला, तेव्हा नव्या कामासाठी ३.५ घ्या, तिला एप्रिल २०३० पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) उतरवल्यावर विंडोजमधल्याच सर्टयुटिलला हॅशफाइल पर्याय देऊन एसएचए२५६ हॅश (फाइलचा ठसा) काढा आणि सोबत दिलेल्या हॅशशी जुळवा. सोर्स आखूड नावाच्या फोल्डरमध्ये उघडा, त्याच्या पूर्ण पत्त्यात स्पेस नको.

व्हिज्युअल स्टुडिओच्या इन्स्टॉलरमध्ये सी++ डेस्कटॉप वर्कलोड निवडताना विंडोज एसडीकेवर (विंडोजसाठी प्रोग्रॅम बनवायचा संच) टिक आहे ना, ते बघा. एसटीडीआयओसारख्या हेडर फाइली एसडीकेबरोबर येतात. तो नसेल तर कंपायलर असूनही सी१०८३, म्हणजे फाइल उघडता न आल्याची एरर येते. ओपनएसएसएलची कॉन्फिगर स्क्रिप्ट, म्हणजे बिल्डची मांडणी ठरवणारी फाइल, पर्ल भाषेवर चालते. ते पर्ल स्ट्रॉबेरीचंच घ्या. गिटबरोबर आलेलं पर्ल सुरू होतं खरं, पण फाइलींचे पत्ते सरळ स्लॅशने देतं, आणि कॉन्फिगर तिथेच थांबते. नॅझमचा (असेंब्ली कोडचा कंपायलर) इन्स्टॉलर पाथमध्ये भर घालेल या भरवशावर राहू नका. त्याचा फोल्डर स्वतः जोडा. नॅझमची कटकट नको म्हणून कॉन्फिगरला नो-एएसएम पर्याय देता येतो, पण मग प्रोसेसरच्या एईएस सूचना वापरल्या जात नाहीत आणि एन्क्रिप्शन चांगलंच मंदावतं. चाचणीपुरतं ठीक, खऱ्या वापरासाठी नाही.

आता कमांड विंडो. साधी नको, एक्स६४ नेटिव्ह टूल्सची उघडा. नुसतं सीएल (कंपायलरची कमांड) टाइप करून एंटर दाबा: पहिल्या ओळीच्या शेवटी एक्स६४ दिसायला हवं. तिथे एक्स८६ असेल आणि कॉन्फिगरला टार्गेट व्हीसी-विन६४ए, म्हणजे ६४-बिट विंडोज, दिलं, तर एलएनके१११२ ही मशीन टाइप न जुळल्याची एरर ठरलेली. मग व्हेअर कमांडने (टूल कुठल्या फोल्डरमधून चालेल ते सांगते) पर्ल, नॅझम आणि लिंक, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर, शोधा. लिंकच्या उत्तरात पहिली ओळ व्हिज्युअल स्टुडिओच्या फोल्डरची हवी. गिटचा यूएसआर-बिन फोल्डर पुढे असेल तर त्यातला त्याच नावाचा युनिक्सचा लिंक चालतो आणि ‘एक्स्ट्रा ऑपरंड’ असं म्हणून बसतो. वाईट म्हणजे हे कळतं फाइलींचा ढीग कंपाइल झाल्यावर.

बिल्डसाठी वेगळा फोल्डर करा आणि कॉन्फिगर तिथून चालवा. पर्याय बदलले की तो फोल्डर उडवून नव्याने सुरुवात करता येते. प्रीफिक्स (इन्स्टॉलची जागा) न दिल्यास इन्स्टॉल प्रोग्रॅम फाइल्समध्ये होतं, म्हणून त्या पायरीला ॲडमिन विंडो लागते. ती टाळायला ओपनएसएसएलडीआयआर (कॉन्फिग फाइलची जागा) कुणालाही लिहिता येईल अशा फोल्डरवर वळवू नका. तिथली कॉन्फिग फाइल लायब्ररी वाचते आणि त्या फाइलमधून बाहेरचं मॉड्यूलही लोड करता येतं.

एनमेक, म्हणजे बिल्ड चालवणारं व्हिज्युअल स्टुडिओचं टूल, एका वेळी एकच काम करतो. घाई असेल तर अनेक कामं एकत्र चालवणारं जॉम वापरा, पण कॉन्फिगरला /एफएस द्यायला विसरू नका. नाहीतर अनेक सीएल एकाच पीडीबी (डीबगिंगच्या माहितीच्या) फाइलवर तुटून पडतात आणि सी१०४१ येते. शेवटी दिसणाऱ्या यू१०७७ वर डोकं खपवू नका, ती फक्त खालची कमांड फसल्याची नोंद असते. खरी एरर काही ओळी वर सापडेल.

एनमेक टेस्ट वगळू नका. एखादी चाचणी पडली तर टेस्ट्स व्हेरिएबलमध्ये तिचंच नाव आणि जोडीला व्ही=१ देऊन तेवढीच पुन्हा चालवा.

इन्स्टॉलनंतर व्हेअर ओपनएसएसएल करून बघा. स्ट्रॉबेरी आणि गिट दोघांकडेही आपापली ओपनएसएसएल असते, आणि आवृत्ती विचारल्यावर भलतीच उत्तर देऊ शकते. स्टॅटिक लिंक, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅममध्येच सामावून, करणार असाल तर स्वतःच्या प्रोग्रॅमला डब्ल्यूएस२_३२, जीडीआय३२, ॲडव्हएपीआय३२, क्रिप्ट३२ आणि यूझर३२ या पाचही लायब्ररी जोडा. डीएलएल (वेगळ्या फाइलमधली लायब्ररी) वापरताना ‘नो ओपनएसएसएल ॲपलिंक’ म्हणत प्रोग्रॅम बंद पडला, तर सोबत येणारी ॲपलिंकची सी फाइल मुख्य प्रोग्रॅममध्ये इन्क्लूड करा.