सगळीकडे 'विल' लावू नका
उद्याबद्दल इंग्रजीत बोलताना आपण सरसकट 'विल' लावतो. आधी स्वतःला विचारा, हे कधी ठरलं? सातारा स्टँडवर मैत्रिणीची बॅग जड दिसली आणि तिथल्या तिथे मदत करायचं ठरवलं, तर 'आय विल कॅरी इट'. मनात आधीच ठरलेलं असेल तर 'गोइंग टू'. कास पठारावर काळे ढग दाटले, तरीही तेच: 'इट इज गोइंग टू रेन', कारण खूण डोळ्यांसमोर आहे. कुणाशी भेटीची वेळ पक्की झालीय? 'आय ॲम मीटिंग हिम टुमॉरो'. वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ पुरतो: 'द बस लीव्ज ॲट सिक्स'. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी मात्र हे जपावंच: 'जेव्हा' अर्थाच्या 'व्हेन'नंतर 'विल' नको. 'व्हेन आय रीच सांगली, आय विल कॉल यू'.