माऊथ ऑर्गन 'लाकडी का मेटल' करत बसू नका, या चुका टाळा

दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, सर लाकडी कोमचा आवाज गोड असतो ना? नाही रे बाबा. कोम म्हणजे मधला खाचांचा तुकडा, तो वाजत नाही, वाजतात त्या रीड, म्हणजे आतल्या धातूच्या पातळ पट्ट्या (10 भोकांच्या पीसमध्ये 20), त्या हलताना हवा कापली जाते तोच आवाज. कोमने हवा गळू द्यायची नाही, बास.

गंगापूर रोडवरून एक पोरगा शिकायला यायचा, त्याचं 4 नंबरचं भोक ओढलं, म्हणजे श्वास आत घेऊन वाजवलं, की नुसतं फुसफुस. त्याने हौसेने ॲल्युमिनियमचा कोम मागवला, आवाज खरंच मोकळा झाला, मग काय, भेटेल त्याला मेटल घ्या मेटल घ्या. मी त्याचा जुना प्लास्टिकचा कोम घेतला, त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली तर खालून उजेड दिसला, मधे खळगा होता. काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने सपाट घासला, धुतला, वाळवला, त्याच्याच रीडच्या प्लेटी बसवल्या. मग त्याला पाठ फिरवून बसवलं आणि कोम बदलून बदलून तीच ओळ चार वेळा वाजवली, कुठला कोम ते एकदाही छातीठोक सांगता आलं नाही त्याला. पैसे टाकण्याआधी पट्टी धरून बघा, एवढंच मागणं आहे माझं.

मरीन बँड (लाकडी कोमचं मॉडेल) आणि स्पेशल ट्वेंटी (प्लास्टिक कोमचं) यांचा आवाज वेगळा येतो हे खरंय, पण दोघांची कव्हरंच वेगळी आहेत, मरीन बँडचं बाजूनेही उघडं असतं. क्रेडिट मात्र लाकडाला.

लाकडी पीस पाण्यात बुडवून वाजवणं हा जुना शॉर्टकट, मला अजिबात पटत नाही. मी एकदा श्रावणात गोदाघाटावर बसून केलेला, लाकूड फुगून कोमचे दात बाहेर आले, ओठ सोलला, आणि वाळल्यावर आक्रसून कायमचं गळायला लागलं. नाशिकच्या पावसाळ्यात दमट हवेनेच लाकूड फुगतं, वरून पाणी कशाला? वाजवून झालं की तळहातावर झटका आणि बाहेर वाळू द्या, लगेच डबीत कोंबू नका.

मिसळ खाऊन चूळ न भरता वाजवू नका.

प्लेटीचे स्क्रू मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे आवळा. एकच करकचून आवळला की प्लेट वाकते.

आणि नवीन लोकांचं '2 नंबर ओढून वाजत नाही, पीस खराब आहे', तर दहात नऊ वेळा तोंडच आवळलेलं असतं. जबडा सैल सोडा, अगदी हळू ओढा, आठवडाभर रोज पाच मिनिटं, तरी नाही वाजलं तर घेऊन या, आपण उघडून बघू.