रायफलीची नळी: कोणतं द्रावण कशासाठी?

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा, मग बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढा. द्रावण ठरतं ते नळीत काय साचलंय त्यावरून.

०.२२ इंची रायफलीच्या बहुतेक गोळ्या नुसत्या शिशाच्या, वरून मेण. नळीत शिसं, मेण आणि काजळी साचते, तांबं नाही. पेट्रोलियमवर आधारित साधं बोअर क्लीनर पुरतं. अमोनियाचं द्रावण लागतं ते तांब्याच्या आवरणाची गोळी झाडणाऱ्या रायफलीला, आणि तेही बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतंच.

चिंधी निळी आली म्हणजे तांबं सुटतंय. पण पितळी जॅग (सळीचं चिंधी धरणारं टोक) किंवा ब्रॉन्झचा ब्रश असेल तर निळा रंग त्याचाही असतो, आणि माणूस उगाच स्वच्छ नळी घासत बसतो! अमोनियासोबत नायलॉनचा ब्रश आणि प्लास्टिकचा जॅग घ्या.

चिंधी चेंबरच्या, म्हणजे गोळी भरतात त्या बाजूने, बोअर गाइडमधून (सळी नळीच्या मधोमध ठेवणारं नळकांडं) घाला. शेवटी कोरड्या चिंध्या फिरवा आणि एका चिंधीवर तेलाचे दोन थेंब. नेमबाजीआधी ते तेल पुसून काढा.

पेट्रोल नको, त्याची वाफ ठिणगीने पेटते. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण शिसं झटकन काढतं खरं, पण उरतं ते विषारी लेड ॲसिटेट. अमोनियाजवळ ब्लीच तर अजिबात नको, विषारी वायू तयार होतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

एअर रायफलीत यातलं काहीच ओतू नका, सील खराब होतात. तिथे कोरड्या फेल्टच्या गोळ्याच बऱ्या.