श्रीलंका गाडीने फिरताय? आमच्या या चुका टाळा

श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम पाचवा हिस्सा. एवढ्याशा बेटाला सात दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी, असं म्हणत आम्ही सिगिरिया, त्रिंकोमाली, कँडी, नुवारा एलिया, एला, याला अभयारण्य आणि गॉल अशी सगळी माळ ओवली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्रिंकोमालीवर काट मारली, पाचव्या दिवशी यालावर. उरलेलं पाहिलं ते बहुतेक काचेतून.

किलोमीटर मोजू नका, तास मोजा

कोलंबो ते कँडी साधारण ११५ किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याला निघालात असं वाटेल. प्रत्यक्षात तीन-साडेतीन तास जातात. कँडीहून नुवारा एलिया पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, तिथेही अडीच-तीन तास. रस्ता वाईट म्हणून नव्हे. डांबर बहुतेक ठिकाणी उत्तम आहे. पण रस्ता दुपदरी, तो प्रत्येक गावाच्या पोटातून जातो, पुढे एक त्रीव्हील (रिक्षाला तिथे हाच शब्द), मागे हॉर्न दाबून धरलेली खासगी बस, आणि चढ सुरू झाला की चहाच्या मळ्यांतून वळणामागून वळण. आंबोली घाट तीन तास चालू आहे अशी कल्पना करा.

आमचा नंतर बसलेला हिशेब सांगतो: सपाटीवर ताशी चाळीस, डोंगरात पंचवीस ते तीस. जलदगती महामार्ग याला अपवाद. विमानतळाजवळच्या कटुनायकेहून कोलंबो, आणि कोलंबोच्या बाहेरून गॉल, मातारामार्गे हंबनटोटाकडे. तिथे ताशी शंभरची मर्यादा आहे आणि गाडी खरंच तेवढी पळते. म्हणून फेरी अशी लावा की डोंगर आधी उरकेल आणि परतीला दक्षिण किनाऱ्यावरून हा महामार्ग मिळेल. एलाहून थेट विमानतळ गाठून रात्रीचं विमान पकडायचा बेत तर कुणीच करू नये. सात दिवसांत सिगिरिया, कँडी, एला आणि गॉल एवढे मुक्काम पुष्कळ झाले. पहिल्या रात्री उशिरा उतरत असाल तर विमानतळाजवळ नेगोंबोला झोपा.

'श्रीलंकेत पाऊस कधी?' हा प्रश्नच अर्धा आहे

कुठल्या बाजूला, हेही विचारावं लागतं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल, मिरिसा ही बाजू भिजवतात, समुद्र खवळलेला असतो. त्याच दिवसांत पूर्वेला त्रिंकोमाली आणि अरुगम बे कोरडे, समुद्र शांत. डिसेंबर ते फेब्रुवारी उलटं. आपल्याकडची मंडळी शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत जातात आणि फोटो पाहून मिरिसाचं हॉटेल धरतात, तिथे गणित चुकतं. मे महिन्यात पूर्व किनारा धरा. दिवाळीची सुट्टी आणखी अवघड, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर कुठेही गडगडाट होतो आणि चक्रीवादळांचाही हाच काळ. २०२५च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दित्वा चक्रीवादळाने डोंगरभागात दरडी कोसळल्या, रस्ते आणि रेल्वेमार्ग तुटले. त्यामुळे कँडीच्या पुढचा रस्ता आणि रेल्वे यांची ताजी स्थिती निघायच्या आठवड्यात विचारून घ्या, सहा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका.

गाडी स्वतः चालवू की चालक घेऊ?

वाहतूक डावीकडून, म्हणून आपल्याला वाटतं घरचंच. पण भारतीय परवाना खिशात घालून चालत नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यालाही तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनची मान्यता घ्यावी लागते, नाहीतर मोटार वाहतूक विभागाचा तात्पुरता परवाना. हे न करता गाडी घेतली आणि कुणाला धक्का लागला, तर विम्याचं काय होईल याचा विचार करा. चालकासह गाडी आपल्याला परवडते, आणि दरीकडे बघायला चार डोळे मोकळे राहतात. आम्ही तेच केलं. चुका मग दुसऱ्या केल्या.

पहिली: चालक रात्री कुठे झोपणार हे विचारलंच नाही. मोठ्या हॉटेलांत चालकांसाठी खोली असते, घरगुती गेस्टहाउसात बहुतेकदा नसते. एलाला पोचल्यावर रात्री आठ वाजता त्याच्यासाठी जागा शोधत फिरलो. दुसरी: मातलेजवळची मसाल्याची बाग. फुकट चक्कर, फुकट चहा, मग खांद्याला फुकट तेल, आणि शेवटी एका दुकानात, जिथे दालचिनीचा भाव ऐकून माझी बहीण एकदम गप्प झाली. (ती गप्प होणं दुर्मीळ.) अशा थांब्यांवर चालकाला कमिशन मिळतं, तो त्याच्या पोटाचा भाग आहे, त्याला चोर ठरवू नका. पहिल्याच सकाळी हसून सांगा की बाग, रत्नं, बाटिक काही नको, शेवटी बक्षिसी मात्र नीट देऊ. आम्ही हे चौथ्या दिवशी सांगितलं, तोवर दोन दुकानं झाली होती.

त्याला हाक काय मारायची, हाही घोळ झाला. वयाने मोठ्या माणसाला सिंहलीत 'अय्या' म्हणतात, म्हणजे दादा. आमच्या बायकांना ते गांभीर्याने म्हणायला दोन दिवस लागले. धाकटा असेल तर 'मल्ली'.

रेल्वेचा मोह

डोंगरातली रेल्वे सुरू असेल तर सोडू नका, पण कँडी ते एला पूर्ण प्रवास सहा-सात तासांचा आहे आणि आरक्षित जागा हातोहात संपतात. नुवारा एलियाला स्टेशन नाही. जवळचं स्टेशन नानु ओया. जमेल ते असं: तुम्ही नानु ओयाला चढा, बॅगा घेऊन चालक रस्त्याने एलाला. आरक्षण मिळालं नाही तर नुसता एला ते डेमोदरा टप्पाही चालेल, नऊ कमानींचा पूल त्याच टप्प्यात आहे.

अडलं तर

सिगिरियाला दहा वाजता पोचलात? पायऱ्या बाराशेच्या घरात आहेत आणि कातळ तापतो. तेव्हा चढू नका, संध्याकाळचं बघा किंवा दुसऱ्या दिवशी दार उघडताच जा. पासपोर्ट बरोबर ठेवा, सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळत आली आहे. वर गांधीलमाशांची पोळी आहेत, आरडाओरड नको. पाट्या उगाच लावलेल्या नाहीत.

हबरना किंवा बुत्तल-कटरगमा रस्त्यावर हत्ती आडवा आला तर लांबच थांबा, हॉर्न नाही, खाली उतरणं नाही, मागे घ्यायला जागा ठेवा. केळं तर अजिबात देऊ नका. गाड्या अडवायची सवय त्यांना तशीच लागली आहे.

घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला तर चालकाच्या भिडेखातर गप्प बसू नका. थांबवा, चाकं निवू द्या, पुढे खालच्या गिअरमध्ये उतरायला सांगा.

दर पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते. दारू मिळत नाही, देवळांत गर्दी. तारखा आधी पाहा. देवळात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढली तर तिथले लोक खरोखर दुखावतात.

पैशांचं: २०२४पासून लंकापे क्यूआरवर यूपीआय चालतं, पण घाटातल्या शहाळेवाल्याकडे रोखच लागते. आजारपणात १९९० लावा, सुवा सेरिया ही मोफत रुग्णवाहिका. ती २०१६ साली भारताच्या मदतीने सुरू झाली. पोलीस ११९.

शाकाहारी असाल तर शेवटचं. 'पोल संबोल' म्हणजे लाल तिखट घातलेला ओल्या नारळाचा चव, आप्प्याबरोबर (आपले आप्पे नव्हेत, तांदळाचा वाटीसारखा पातळ डोसा) अप्रतिम लागतो. आईने तीन दिवस आनंदाने खाल्ला. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात डोकावलो तेव्हा कळलं की त्यात पुष्कळदा उंबलकड, म्हणजे वाळवलेला मासा कुटून घालतात. 'उंबलकड एपा', म्हणजे नको, एवढं आधीच म्हणा. आईला मी अजून सांगितलेलं नाही.